किण्वनाचे गणित

प्रस्तावना

दिल्लीत जानेवारीच्या रात्री तापमान ५-६ अंशांपर्यंत उतरते, तर मे-जूनच्या दुपारी ते ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. जुन्या दिल्लीत खमिरी रोटी करणारे नानबाई हा फरक थर्मामीटर न पाहताही ओळखतात. थंडीत ते पीठ कोमट पाण्याने भिजवून तंदुराच्या उबेला ठेवतात. उन्हाळ्यात तेच पीठ दोन-तीन तासांत आंबट होऊ नये म्हणून खमीर कमी घालतात. पीठ, पाणी आणि खमीर ही सामग्री तीच. बदलली ती केवळ परिस्थिती. परिस्थिती किती बदलली असता परिणाम किती बदलेल, हे नानबाईचा हात अनुभवाने सांगतो. हेच जर लाखो लिटरच्या टाकीबद्दल आधी सांगायचे असेल, तर मात्र हाताचा अंदाज पुरत नाही. तेथे गणिताची मदत घ्यावी लागते.

या पाठात आपण साखरेपासून मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, तयार करणाऱ्या यीस्टचा विचार करणार आहोत. पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला ‘प्रतिमान’ म्हणजे काय हे सांगता येईल, एका साध्या सूत्राने टाकीतील मद्यार्काचा तासागणिक हिशेब करता येईल आणि त्या हिशेबाचा नदीच्या पाण्याशी काय संबंध आहे, हेही समजेल. बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार एवढे येत असले की पुरे.

साखरेचा ताळेबंद

यीस्ट हा एकपेशीय सजीव आहे. हवा नसलेल्या जागी तो साखरेचे विघटन करून स्वतःसाठी ऊर्जा मिळवतो आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. आपण ज्याला उत्पादन म्हणतो, ते यीस्टच्या दृष्टीने टाकाऊ द्रव्य आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे मोठे काम आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी या विघटनाचा ताळेबंद मांडला. आजच्या मापाने तो असा : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे १ ग्रॅम साखरेमागे फार तर ०.५१ ग्रॅम मद्यार्क. पुढे लुई पाश्चर यांनी दाखवून दिले, की प्रत्यक्षात एवढा मद्यार्क कधीच मिळत नाही; थोडी साखर यीस्टच्या वाढीसाठी आणि थोडी ग्लिसरीनसारख्या इतर पदार्थांत खर्च होते. म्हणून आपण या पाठात १ ग्रॅम साखरेमागे ०.४६ ग्रॅम मद्यार्क, म्हणजे सैद्धांतिक उत्पन्नाच्या सुमारे ९० टक्के, असे धरून चालू.

ताळेबंदाने ‘किती’ हे कळले. ‘किती वेळात’ हे मात्र कळले नाही. आणि कारखान्याच्या व्यवहारात वेळ ही साखरेइतकीच महाग वस्तू आहे.

प्रतिमान म्हणजे काय?

घर बांधण्यापूर्वी आपण नकाशा काढतो. नकाशात भिंतींची लांबी-रुंदी असते. भिंतीचा रंग नसतो. तो वगळला म्हणून नकाशा खोटा ठरत नाही, कारण त्याचे काम वेगळे आहे. गणिती प्रतिमान हे असेच असते. टाकीत कोट्यवधी पेशी असतात, प्रत्येक पेशीत शेकडो रासायनिक क्रिया चालू असतात. त्या सर्व लिहून काढणे अशक्य आहे आणि अनावश्यकही. परिणामावर ज्यांची खरी सत्ता चालते, अशा दोन-तीन गोष्टी निवडायच्या आणि त्यांचे नाते सूत्रात बांधायचे, एवढेच प्रतिमानाचे काम.

सूक्ष्मजीवांच्या वाढीचे असे सूत्र फ्रान्सचे जीवशास्त्रज्ञ झाक मोनो यांनी १९४० च्या दशकात मांडले. ते सांगते की खाद्य वाढवले की वाढीचा वेग वाढतो, पण एका टप्प्यानंतर तो वाढायचा थांबतो. पंगतीला बसलेल्या माणसापुढे चाराऐवजी चाळीस पोळ्या ठेवल्या म्हणून तो दसपट वेगाने जेवत नाही. सूत्राच्या भाषेत :

वेग = कमाल वेग × साखर ÷ (साखर + स्थिरांक)

यातील स्थिरांक म्हणजे साखरेचे असे प्रमाण, ज्या प्रमाणावर वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो. यीस्टच्या बाबतीत हा आकडा फार लहान असतो. समजा, तो दर लिटरला १ ग्रॅम आहे. टाकीत दर लिटरला ९९ ग्रॅम साखर असेल, तर ९९ भागिले १००, म्हणजे वेग कमाल वेगाच्या ९९ टक्के. साखर १ ग्रॅमवर आली की मगच तो निम्मा होतो. तेव्हा टाकीत साखर मुबलक असेपर्यंत खाद्याच्या बाजूने यीस्टला कसलीच अडचण नाही.

असे असूनही प्रत्यक्ष टाकीत यीस्टचा वेग पहिल्या काही तासांनंतर उतरू लागतो. साखर शिल्लक असते, यीस्ट जिवंत असते, तरी काम मंदावते. मोनो यांच्या सूत्रात याचे उत्तर नाही.

दिल्लीत मांडलेली एक ओळ

उत्तर त्या ‘टाकाऊ द्रव्या’त आहे. मद्यार्क साठत जातो तसा तो पेशीच्या पातळ आवरणाला शिथिल करतो आणि पेशीतील विकरांच्या, म्हणजे क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या, कामात अडथळा आणतो. यीस्ट आपल्याच उत्पादनाने थांबते. हा अडथळा कसा वाढत जातो, यावर जगातील अनेक प्रयोगशाळांत काम झाले. जपानमध्ये आयबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली एक सूत्र दिले. त्यात मद्यार्क वाढेल तसा वेग घटत जातो, पण शून्यावर कधीच येत नाही.

दिल्लीच्या हौज खास भागात असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आय. आय. टी. मध्ये, जीवरासायनिक अभियांत्रिकीच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक प्रा. तरुणकुमार घोष होते. त्यांनी आर. डी. त्यागी यांच्यासह उसाच्या चिपाडापासून मिळवलेल्या साखरेच्या द्रावणावर प्रयोग केले आणि १९७९ साली ‘बायोटेक्नॉलॉजी अँड बायोइंजिनिअरिंग’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. ऊस गाळून उरलेले चिपाड म्हणजे या देशात डोंगरासारखी साठणारी वस्तू. तिच्यातील सेल्युलोजपासून साखर आणि साखरेपासून मद्यार्क, असा त्यांचा मार्ग होता. त्यांनी वापरलेले अडथळ्याचे सूत्र विलक्षण साधे आहे : मद्यार्क ज्या प्रमाणात मर्यादेजवळ जातो, त्याच प्रमाणात वेग घटतो. आलेख काढला तर सरळ उतरती रेघ मिळते. मोनो यांच्या सूत्राला त्यांनी एक कंस जोडला :

वेग = कमाल वेग × साखर ÷ (साखर + स्थिरांक) × (१ − मद्यार्क ÷ मद्यार्काची मर्यादा)

मद्यार्क शून्य असेल तर कंसाची किंमत १, अडथळा नाही. मद्यार्क मर्यादेच्या निम्मा झाला की किंमत अर्धी. मर्यादा गाठली की शून्य, काम बंद. पुढच्याच वर्षी, १९८० साली, अमेरिकेतील ऑक्टेव्ह लेव्हेनस्पील यांनी या कंसावर घातांक चढवला, म्हणजे रेघेला हवा तसा बाक देण्याची सोय केली. तीही उपयुक्त आहे. परंतु शिकण्यासाठी सरळ रेघच बरी, असे आमचे मत आहे; तिच्यात चूक झाली तर ती चटकन दिसते.

पाठगत प्रश्न १ : मद्यार्काची मर्यादा दर लिटरला १०० ग्रॅम असेल, तर मद्यार्क ८० ग्रॅम असताना कंसाची किंमत किती? वेग आरंभीच्या वेगाचा कितवा भाग राहिला?

वही आणि पेन्सिल घ्या

आता आपण स्वतः एक टाकी चालवू या. पुढील आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. ते कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत. टाकीत दर लिटरला १० ग्रॅम यीस्ट आहे. अडथळा नसताना प्रत्येक ग्रॅम यीस्ट तासाला १ ग्रॅम मद्यार्क बनवते. मर्यादा १०० ग्रॅमची. यीस्टची संख्या स्थिर आहे आणि साखर भरपूर आहे, असे समजा.

पहिल्या तासाच्या आरंभी मद्यार्क शून्य, म्हणून वेग १०. तासाअखेर मद्यार्क १० ग्रॅम झाला. आता कंस ०.९, म्हणून दुसऱ्या तासात ९ ग्रॅमची भर, एकूण १९. कंस ०.८१, तिसऱ्या तासात ८.१ ची भर, एकूण २७.१. असेच पुढे जा. प्रत्येक तासाला मर्यादेपर्यंतच्या उरलेल्या अंतराचा दहावा भाग कापला जातो, हे तुमच्या ध्यानात येईल. दहा तासांनंतर ६५ ग्रॅम, वीस तासांनंतर ८८ ग्रॅम, तीस तासांनंतर ९६ ग्रॅम. पहिल्या दहा तासांनी ६५ ग्रॅम दिले, पुढच्या दहांनी २३ आणि शेवटच्या दहांनी केवळ ८.

साखरेचा हिशेब याला जोडा. दर लिटरला १२० ग्रॅम साखर घातली, तर तीपासून ५५ ग्रॅम मद्यार्क होईल आणि त्यास सुमारे ८ तास लागतील. १६० ग्रॅम साखरेचे ७४ ग्रॅम होतील; वेळ सुमारे १३ तास. २०० ग्रॅम साखरेचे ९२ ग्रॅम. वेळ २४ तास. शेवटच्या टप्प्यात मद्यार्क पाव पटीने वाढला, पण वेळ जवळजवळ दुप्पट झाला.

केवळ वेळ पाहणारा व्यवस्थापक म्हणेल, १२० ग्रॅमच बरे. टाकी लवकर रिकामी होते, दिवसाला अधिक वेळा भरता येते. त्याचे म्हणणे चुकीचे नाही. पण ते अर्धेच आहे.

उरलेल्या पाण्याचा प्रश्न

टाकीतील आंबवलेला द्रव तापवून त्यातून मद्यार्क वेगळा काढतात. या कामाच्या जागेला आसवनी म्हणतात. मद्यार्क गेल्यावर जे उरते ते गडद तपकिरी, कढत आणि आम्लधर्मी सांडपाणी. कारखान्यात त्याला ‘स्पेंट वॉश’ म्हणतात. मळीवर चालणाऱ्या आसवनीत १ लिटर मद्यार्कामागे साधारणपणे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो, असे पुस्तकांत वाचायला मिळते. इतका मोठा फरक का, हे आता तुम्हीच काढू शकता.

१ लिटर मद्यार्काचे वजन सुमारे ७८९ ग्रॅम असते. टाकीत दर लिटरला ५५ ग्रॅम मद्यार्क असेल, तर १ लिटर मद्यार्कासाठी १४ लिटरहून अधिक द्रव लागेल. ७४ ग्रॅम असेल तर सुमारे १०.७ लिटर, ९२ ग्रॅम असेल तर ८.६ लिटर. मद्यार्क काढून घेतल्यावर यातील बहुतेक भाग सांडपाणी म्हणून उरणार. म्हणजे १२० ग्रॅम साखरेवर थांबणाऱ्या व्यवस्थापकाने टाकीचे तास वाचवले, पण प्रत्येक लिटरमागे साडेपाच लिटर अधिक पाणी तापवले आणि तितकेच अधिक घाण पाणी निर्माण केले.

हे पाणी साधे नव्हे. त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. घरगुती सांडपाण्याची ही प्राणवायूची मागणी दर लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. स्पेंट वॉशची ४०,००० मिलिग्रॅमच्याही वर जाते. ओढ्यात असे पाणी सोडले की प्रथम मासे मरतात, नंतर काठच्या विहिरींचा रंग बदलतो. महाराष्ट्रातील साखर पट्ट्यातल्या गावांना हे सांगावे लागत नाही. राजधानी क्षेत्रात येणाऱ्या मेरठ, मुझफ्फरनगर, गाझियाबाद या ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांनाही नाही. आज मळीवरील आसवन्यांनी स्पेंट वॉश बाहेर सोडू नये, तो आटवून, जाळून किंवा खतात मिसळून संपवावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा दंडक आहे. आटवायला वाफ लागते, वाफेला इंधन लागते. म्हणून टाकीत किती गोड द्रावण भरायचे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या निर्णयात इंधन, पाणी आणि खालच्या गावाचा ओढा, सगळेच गुंतलेले असते.

प्रश्नाचा आकारही आता मोठा झाला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम २००१ मध्ये महाराष्ट्रात मनमाड व मिरज आणि उत्तर प्रदेशात बरेलीजवळ सुरू झाले. जानेवारी २००३ पासून ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांसाठी ५ टक्के मिश्रण ठरले. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. मिश्रणाचा टक्का वाढतो तेव्हा टाक्या वाढतात; टाक्यांबरोबर सांडपाणीही वाढते.

उष्णता : दुधारी सुरी

साखरेखालोखाल महत्त्वाची परिस्थिती म्हणजे तापमान. बहुतेक यीस्टना ३० ते ३५ अंश सेल्सिअस मानवते. ऊब वाढली की रासायनिक क्रिया जलद होतात, म्हणून कमाल वेग वाढतो. त्याच वेळी पेशीचे आवरण अधिक सैल होते आणि मद्यार्क सोसण्याची शक्ती कमी होते. सूत्रातील दोन आकडे उलट दिशांना सरकतात.

समजा, टाकी गरम झाल्याने आरंभीचा वेग १० ऐवजी १२ झाला, पण मर्यादा १०० वरून ८० वर उतरली. चार तासांनंतर गरम टाकीत ३८ ग्रॅम मद्यार्क असेल, नेहमीच्या टाकीत ३४. पाहणाऱ्याला वाटेल, उष्णता लाभली. मद्यार्क ४० ग्रॅमवर पोहोचला की दोन्ही टाक्यांचे वेग सारखे होतात, प्रत्येकी ६. त्यानंतर गरम टाकी मागे पडू लागते. ६० ग्रॅमवर तिचा वेग ३, तर दुसरीचा ४. २०० ग्रॅम साखर घातली असेल, तर गरम टाकी ८० ग्रॅमच्या पुढे जाणारच नाही. दर लिटरला सुमारे २६ ग्रॅम साखर तशीच राहील. ती वाया तर जातेच, शिवाय सांडपाण्यात जाऊन त्याची प्राणवायूची मागणी वाढवते.

किण्वनात स्वतःचीही उष्णता निर्माण होते, म्हणून मोठ्या टाक्यांभोवती थंड पाणी सतत फिरवावे लागते. हे पाणी थंड करणारा मनोरा आणि दिल्लीच्या खिडकीतला वाळ्याचा कूलर यांचे तत्त्व एकच : पाण्याचे बाष्पीभवन. मे महिन्याच्या कोरड्या लूमध्ये कूलर उत्तम चालतो आणि जुलैच्या दमट हवेत तो नुसता घरघरतो, हे दिल्लीकरांना ठाऊक आहे. टाकीसाठीही कोरड्या ४५ अंशांपेक्षा दमट ३५ अंशांचा दिवस अधिक कठीण जातो.

आम्लतेविषयी थोडक्यात. यीस्ट थोड्या आंबट द्रावणात, सामू ४ ते ५ असताना, चांगले काम करते; साखर पळवणारे जीवाणू मात्र त्या आंबटपणात मागे पडतात. हवेची गोष्ट थोडी गमतीची आहे. हवा मुबलक दिली तर यीस्टची वाढ जोमाने होते व साखर तिकडे वळते. अजिबात दिली नाही तर पेशींना नवे आवरण नीट बांधता येत नाही आणि त्यांची सहनशक्ती खचते. म्हणून आरंभी थोडी हवा द्यावी लागते.

पाठगत प्रश्न २ : गरम टाकीत मद्यार्क ७२ ग्रॅम असताना वेग किती असेल? नेहमीच्या टाकीत त्याच वेळी किती?

सूत्र कोठे अडते?

आपण यीस्टची संख्या स्थिर धरली. प्रत्यक्षात ती आरंभी वाढते व शेवटी काही पेशी मरतात. आपण मर्यादा ठाम आकडा मानली. ती यीस्टच्या जातीप्रमाणे बदलते आणि त्याच जातीचे यीस्ट हळूहळू सवय लावल्यास अधिक सोसते. साखर ‘भरपूर’ असणे निरुपद्रवी मानले. पण फार दाट द्रावण पेशीतील पाणी शोषून घेते आणि यीस्ट आरंभालाच अडखळते. मळीत तर साखरेशिवाय क्षार असतात, गाळ असतो, कधी गंधकाचा अंशही असतो. एका कारखान्याच्या मळीवर बसवलेले आकडे दुसऱ्या कारखान्यात तपासल्याशिवाय वापरू नयेत.

कृती

तीन प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत अर्धा लिटर कोमट पाणी, ५० ग्रॅम साखर आणि एक चमचा बेकरीचे यीस्ट घाला. झाकणे सैल ठेवा. घट्ट लावल्यास वायूच्या दाबाने बाटली फुटेल. एक बाटली शीतपेटीत, एक खोलीत व एक उबदार जागी ठेवा. दर सहा तासांनी स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. वजन घटते ते मुख्यतः निघून गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचे. ताळेबंदाप्रमाणे ८८ ग्रॅम वायूमागे ९२ ग्रॅम मद्यार्क होतो, म्हणून घटलेले वजन जवळजवळ तयार झालेल्या मद्यार्काइतकेच असते. तास आडव्या अक्षावर आणि घट उभ्या अक्षावर घेऊन तिन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. द्रव पिऊ नये. प्रयोगानंतर ओतून द्यावा.

स्वाध्याय

१. ‘यीस्ट आपल्याच उत्पादनाने थांबते’ हे विधान सूत्रातील कोणत्या भागाने व्यक्त होते, ते तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.

२. तुम्ही आसवनीचे व्यवस्थापक आहात. १२०, १६० आणि २०० ग्रॅम साखर यांपैकी कोणता पर्याय निवडाल? टाकीचे तास, इंधन आणि सांडपाणी या तिन्हींचा विचार करून उत्तर लिहा.

३. कृतीतील उबदार जागेच्या बाटलीचा आलेख खोलीतील बाटलीच्या आलेखाला छेदून खाली गेला, तर त्याचे कारण काय असू शकेल?

४. यीस्टची एक नवी जात मिळाली असून तिची मर्यादा १२० ग्रॅम आहे. इतर आकडे तेच. २०० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क होण्यास २४ तासांऐवजी सुमारे १७ तास लागतात, हे तासागणिक हिशेब मांडून पडताळा.